सेंट नोटबुर्गाच्या बायकांनी मागितलेली रेकॉर्ड

मिली होचेवारला गाण्यातलं फारसं कळत नसे, पण रेकॉर्ड कशी विकतात हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. नवरा अल्बिन आठवडाभर कारखान्यात स्क्रू पाडणाऱ्या यंत्रासमोर उभा राही आणि शनिवारी लग्नांतून बटणांचं अकॉर्डियन वाजवी. त्याने वाजवलेल्या पोल्काच्या, म्हणजे जोडीने नाचायच्या उडत्या चालींच्या, दोन रेकॉर्डी निघाल्या होत्या. क्लीव्हलंडच्या सेंट क्लेअर रस्त्यावरच्या स्लोव्हेनियन वस्तीत आपल्या माणसाची रेकॉर्ड दुकानातून कोणी घेत नसे. रविवारची मिस्सा संपली की सेंट नोटबुर्गा चर्चच्या तळघरात कॉफी असायची. तिथे एका टेबलावर रेकॉर्डी मांडायच्या आणि मागे वाजवणाऱ्याची आई नाहीतर बायको बसायची. घरटी एक रेकॉर्ड जायची. घरी तबकडी वाजवायचं यंत्र असो वा नसो. लग्नातल्या आहेरासारखंच ते. दुकानातून घेतली तर टेबलामागच्या बाईकडे पाठ फिरवल्यासारखं व्हायचं.

म्हणून एकोणीसशे ऐंशीच्या वसंतात लेनीच्या बँडची पहिली मोठी रेकॉर्ड निघाली तेव्हा मिलीने शाळेच्या खानावळीतल्या कामावरून येताना एक स्वच्छ टेबलक्लॉथ आणला आणि रविवारी टेबल मांडलं. दुसरं काही तिच्या मनातही आलं नाही.

लेनी तिचा एकुलता एक. लहानपणी अल्बिनच्या मांडीवर बसून अकॉर्डियन शिकला, मोठेपणी ते सोडून एक छोटं, कर्कश आवाजाचं इलेक्ट्रिक ऑर्गन घेऊन बसला. बँडचं नाव ‘द स्पेअर कीज’. रेकॉर्डचंही तेच. कव्हरवर पिवळ्या भिंतीपुढे चार पोरं, जुन्या बाजारातले कोट, बोटाएवढे बारीक काळे टाय. लेनीच्या गळ्यातला टाय अल्बिनचा होता, मिलीनेच मशीनवर अर्धा करून दिलेला. गाणी अडीच-अडीच मिनिटांची. गिटार घंटेसारखी वाजायची, चौघं एका सुरात ओरडून गायची आणि मधूनमधून लेनीचं ऑर्गन उचकी लागल्यासारखं टुणटुण करायचं. पेपरवाले त्याला कधी पॉवर पॉप म्हणत, कधी न्यू वेव्ह. अल्बिनने पहिल्यांदा ऐकली तेव्हा डोळे मिटून पाय हलवला आणि म्हणाला, “पोल्काच आहे. घाईत असलेला.”

तळघरात रेकॉर्डी भराभर गेल्या.

“मिली, हा डावीकडचा आपला लेनी? अगं किती वाळलाय! कंपनीवाले जेवायला घालत नाहीत का?” तेता झोफीने विचारलं. तेता म्हणजे मावशी. झोफी नव्वदीला टेकली होती आणि अख्ख्या वस्तीची तेता होती.

“टाय बारीक आहे ना, त्यामुळे तसा दिसतो.”

“गाणी चांगली आहेत हो,” मिलीची शेजारीण पावला म्हणाली. “आवाज जरा जास्त आहे. मी कमी करून ऐकली. अगदी कमी. मग फारच छान वाटली.”

सगळ्या हसल्या. मिलीही हसली. त्या दिवशी ती फार सुखात होती.

मग मे महिन्यात लेनीचा फोन आला. बँड एका जुन्या व्हॅनमधून गावोगाव हिंडत होता. त्या दिवशी कॅन्ससमध्ये कुठेतरी होता.

“आई, कंपनी म्हणते उन्हाळा संपेपर्यंत ही रेकॉर्ड हलली नाही तर दुसरी काढायची नाही.”

“हलली नाही म्हणजे?”

“मागणी दिसली पाहिजे त्यांना.”

“ती कशी दिसते?”

“लोक दुकानात विचारतात, दुकानवाले मागवतात, तेव्हा कंपनीला कळतं. आई, नाणी संपली, ठेवतो.”

लेनीने घाईत सांगितलं ते एवढंच. खोटं काही नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं त्याला सांगायची गरजच वाटली नसेल, कारण दुकानात विचारणारा माणूस घेणारही असतो हे कोणीही धरून चालेल. मिलीच्या वस्तीत मात्र सगळ्यांनी आधीच घेतली होती.

दुसऱ्या दिवशी ती बसने मोठ्या बाजारातल्या रेकॉर्डच्या दुकानात गेली. काउंटरवर दाढीवाला तरुण होता. त्याने नाव ऐकून मान हलवली.

“नाही आपल्याकडे.”

“का नाही?”

“कोणी विचारलं नाही, बाई.”

हे शब्द तिच्या फार जिव्हारी लागले. घरी येऊन तिने कोटही काढला नाही, तशीच तेता झोफीला फोन लावला.

सेंट नोटबुर्गाच्या बायकांची प्रार्थनेची साखळी होती. कोणी आजारी पडलं, कोणाचं ऑपरेशन असलं की तेता झोफीला कळवायचं. ती दोघींना फोन करी, त्या दोघी आणखी दोघी-दोघींना. चुलीवरचं सूप उकळेपर्यंत वस्तीतल्या स्वयंपाकघरात ‘नमो मरिया’ म्हणून झालेली असे. फोन भिंतीवर, वायर लांबलचक, एका हाताने कणीक तिंबत बायका बोलायच्या. साखळी कधी तुटली नव्हती.

“तेता, हे काही आजारपण नाही, म्हणून विचारायलाही कसंतरी वाटतं,” मिली म्हणाली.

तेताने सगळं ऐकून घेतलं. “पोरगा घरापासून लांब आहे. गाडीत झोपतो. उन्हाळ्यानंतर काम राहील की नाही त्याला माहीत नाही. मग आजारपण आणखी वेगळं काय असतं गं? ठेव फोन. मला कामाला लागू दे.”

तेताने निरोप धाडला तो असा: लेनी होचेवारसाठी एक ‘नमो मरिया’ म्हणायची, आणि मग एका दुकानाला फोन करून त्याची रेकॉर्ड आहे का विचारायचं. नाही म्हणाला तर मागव म्हणायचं.

पुढचे काही आठवडे मिलीला रोज कोणी ना कोणी हकिगत सांगे. पावलाने तर आवाज बदलून फोन केला होता.

“बदलून म्हणजे कसा?”

“तरुण,” पावला म्हणाली, आणि करून दाखवला. अल्बिन पेपरामागे हसू दाबताना गुदमरला. “त्यानं मला विचारलं, कुठल्या प्रकारचं संगीत आहे हे? मी म्हटलं, दुकानात तू बसतोस, मला काय विचारतोस?”

एकीने दुकानदाराला फोनवर गाणंच म्हणून दाखवलं. एकजण दर मंगळवारी केस धुतल्यावर, ड्रायर लावायच्या आधी, एक फोन करायची. उन्हाळ्यात चर्चांच्या जत्रा सुरू झाल्या, तिथे भटारखान्यात सगळीकडच्या बायका एकत्र आल्या, आणि साखळी शेजारच्या युक्लिड गावातल्या चर्चमध्ये गेली. तिथून क्रोएशियन बायकांकडे, लिथुआनियन बायकांकडे. कोणाची बहीण मेंटॉर गावी, कोणाची भाची ॲक्रनला. लेनीला कधी न पाहिलेल्या बायका त्याच्यासाठी प्रार्थना करू लागल्या आणि दुकानांना फोन करू लागल्या. घेतली मात्र कोणी नाही. रेकॉर्ड आईच्या हातून घ्यायची असते हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. कधी गाठ पडली तर घेऊ, असं त्या म्हणत, आणि मनापासून म्हणत.

जूनमध्ये लेनीचा फोन आला तेव्हा तो अक्षरशः ओरडत होता. “आई, क्लीव्हलंड पेटलंय! कंपनीचा माणूस म्हणतो, देशात कुठेच असं नाही. रोज दुकानांकडून मागण्या येतायत. तुम्हाला काही जाणवतंय का तिकडे?”

“जाणवतंय तर,” मिली म्हणाली, आणि अल्बिनकडे बघून तिने डोळा मारला. साखळीबद्दल ती बोलली नाही. केलेली प्रार्थना सांगत फिरायची नसते, असं तिला लहानपणी शिकवलं होतं.

जुलैतला फोन वेगळा होता. लेनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅक्रामेंटोत होता.

“इथल्या एका रेडिओवाल्याला आमचं तिसरं गाणं फार आवडलंय. दिवसातून कितीदा तरी लावतो. काल कार्यक्रमाला पोरं दारापर्यंत उभी होती, आई. शब्द पाठ होते त्यांना.”

“मग? आवाज असा का येतोय तुझा?”

“इथल्या दुकानांत रेकॉर्डच नाही. कंपनीला म्हटलं पाठवा. तर म्हणतात, सगळा माल क्लीव्हलंडला लागलाय. आम्हालाही तिकडेच यायला सांगितलंय. मोठा हॉल घेतलाय. इथले पुढचे कार्यक्रम रद्द.” तो थांबला. “चांगलंच आहे म्हणा. आपलं गाव.”

“म्हणजे तू घरी येणार?” मिली म्हणाली. त्या क्षणी तिला एवढंच कळलं. पोरं येणार म्हणून तिने कोंबडी तळली, पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, भाजली, चौघांना बसवून वाढलं. ड्रम वाजवणारा पोरगा तर चौथ्यांदा घेताना लाजला.

हॉल तळ्याच्या काठी होता. मिली आणि अल्बिन आत गेले तेव्हा तिला आधी वाटलं आपण लवकर आलो. मग दिवे मंदावले, पोरं मंचावर आली आणि तिला कळलं की येणारी माणसं एवढीच. पुढे थोडी तरुण पोरं, मग मोकळी फरशी, मग आणखी मोकळी फरशी. हॉलमध्ये खुर्च्या नव्हत्या, उभं राहून ऐकायचं होतं. सेंट नोटबुर्गाच्या बायका मात्र आल्या होत्या. त्यांना बघून दारावरच्या माणसाने कुठूनतरी घडीच्या खुर्च्या आणल्या. त्या एका रांगेत बसल्या, कानात कापूस, मांडीवर पर्स, आणि प्रत्येक गाण्यानंतर टाळ्या वाजवत होत्या. काही गाण्यांनंतर तेता झोफीचे गुडघे धरले, मग तिला सोडायला निम्म्या गेल्या.

लेनी वाजवत होता. छान वाजवत होता. पण मान वर करून तो सारखा त्या अंधाराकडे बघत होता. अजून कोणी आत यायचं राहिलंय असं वाटून.

मागे भिंतीशी कंपनीचा माणूस उभा होता. तो कोणाला तरी म्हणत होता, “मला समजत नाही. दुकानं म्हणतात रोज फोन. रोज! मग ती माणसं आहेत कुठे?”

मिलीने त्या घडीच्या खुर्च्यांकडे पाहिलं. 

सकाळी ती वॉल्टरच्या दुकानात गेली. वॉल्टर वस्तीतलाच. अल्बिनच्या अकॉर्डियनच्या पट्ट्या त्याच्याचकडून यायच्या, आणि अलीकडे तो पोल्काबरोबर पोरांच्या रेकॉर्डीही ठेवायचा. त्याने तिला मागच्या खोलीत नेलं. तिथे खोकी रचलेली होती. वरच्या उघड्या खोक्यातून तीच पिवळी भिंत बाहेर बघत होती.

“एवढ्या, वॉल्टर?”

“काय करू? रोज विचारतात. मागवल्या. मोठ्या बाजारातल्या दुकानात तर याच्या कितीतरी पट आहेत. विचारतात सगळे, येत कोणीच नाही.”

“मग यांचं होणार काय?”

“परत जाणार. न खपलेला माल कंपनी परत घेते, म्हणून तर आम्ही बिनघोर मागवतो. परत गेलेला माल पोरांच्या नावावरच्या विक्रीतून वजा. मग कव्हरचा कोपरा कापतात आणि स्वस्तात काढतात. एकदा कोपरा कापला की कंपनीच्या लेखी ती रेकॉर्ड गेली.” वॉल्टरने चष्मा पुसला. “एक बाई तर आवाज बदलून फोन करते. मला सारखं वाटतं, ही आपली पावला आहे.”

मिली तिथल्याच एका खोक्यावर बसली.

वॉल्टरने चष्मा चढवून तिच्याकडे पाहिलं. “मिली? देवा रे. किती जणी आहात?”

“आता मलाच माहीत नाही,” ती म्हणाली.

घरी येऊन तिने तेताला फोन लावला. “तेता, साखळी थांबवा.”

“का? दुसरी रेकॉर्ड ठरली?”

“नाही.”

“मग? प्रार्थना कोणी अर्ध्यात सोडतं का?”

मिलीने वॉल्टरकडची सगळी हकिगत सांगितली. पलीकडे तेताच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मग तेता म्हणाली, “हे आपल्याला कसं कळणार होतं गं. बरं. आपण जाऊन विकत घेऊ.”

आणि खरंच घेतल्या त्यांनी. पावला दोन घेऊन आली, एक भाचीला लग्नात देते म्हणाली. तेताला चालवत नव्हतं तर तिने सुनेला पाठवलं. पण खोकी कुठे आणि पर्समधून सुट्टे पैसे मोजणाऱ्या म्हाताऱ्या कुठे. शिवाय थांबवायचा निरोप सेंट नोटबुर्गाच्या बाहेर गेला तेव्हा त्याचं भलतंच झालं. युक्लिडच्या बायका म्हणाल्या, आईला संकोच वाटतोय, बिचारी, आपल्याला त्रास नको म्हणतेय. त्यांनी जोर वाढवला. जत्रेत एक अनोळखी बाई मिलीला मिठी मारून म्हणाली, “काळजी करू नका. मी आज सकाळीही केला फोन.” मिलीने तिला समजावलं. बाईने तिचे हात हातात घेतले, डोळे पुसले, आणि म्हणाली, “किती साध्या आहात हो तुम्ही.”

शेवटी अल्बिन म्हणाला, “कंपनीलाच सांगू.” न्यूयॉर्कला फोन लावला. एका मुलीने घेतला.

“मी क्लीव्हलंडहून मिली होचेवार बोलतेय. त्या ‘द स्पेअर कीज’च्या रेकॉर्डबद्दल–”

“क्लीव्हलंड!” मुलगी आनंदाने म्हणाली. “तुमच्या गावाचं प्रेम बघून आम्ही थक्क झालोय. तुमचाही फोन मी कळवते हं वर.”

“नाही, बाळा, तसं नाही, ऐक. ते फोन करणाऱ्या आम्हीच आहोत.”

“हो ना! मनापासून आभार,” मुलगी म्हणाली, आणि तिला दुसरा फोन आला.

मिली रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. अल्बिनने तो तिच्या हातातून घेतला आणि जागेवर ठेवला. त्या रविवारी ती मिस्सेला गेली पण तळघरात कॉफीला थांबली नाही.

पानं गळायला लागली तसा माल परत जाऊ लागला. ट्रकच्या ट्रक, वॉल्टर म्हणाला. ऑक्टोबरात कंपनीने पोरांना कळवलं की दुसरी रेकॉर्ड होणार नाही. गिटारवाला भावाबरोबर छपरं शाकारायच्या कामाला लागला. ड्रमवाल्याने लग्न ठरवलं. लेनी ऑर्गन घेऊन आईबापांच्या घरी आला, तळघरात गादी टाकून राहिला. पहिले काही दिवस नुसता झोपला. मिली जिन्यापर्यंत जाऊन त्याचा श्वास ऐकून येई, तान्हा होता तेव्हा ऐकायची तसा.

एका रविवारी दुपारी तो दाढी करून वर आला आणि सूप प्यायला बसला. बरा दिसत होता. मिलीला हायसं वाटलं.

“सॅक्रामेंटोहून फोन होता,” तो म्हणाला. “त्या रेडिओवाल्याच्या ओळखीच्या पोरांचा बँड आहे. त्यांना ऑर्गनवाला पाहिजे. रेकॉर्डचं ठरलंय त्यांच्या. आज कळवायचंय.”

“जा ना मग!” मिली इतकी घाईने बोलली की अल्बिनने मान वर केली.

“नाही जाणार,” लेनी म्हणाला. “तिकडे मी कोणाच्यातरी मागे उभा राहून वाजवणार. इथे लोक आमचं नाव घेऊन विचारत होते, आई. कंपनीचा माणूसच म्हणाला मला शेवटी, तुमचं काय चुकलं मला माहीत नाही, पण एवढं विचारणारं गाव मी दुसरं बघितलं नाही. जाहिरात नीट केली नाही त्यांनी. हॉल गुरुवारी घेतला. मी व्हॅन विकतो आणि दुसरी रेकॉर्ड इथेच, स्वतः करतो. क्लीव्हलंड आपल्या बाजूला आहे. एवढं एक मला माहीत आहे.”

तो हे सांगताना हसत होता. किती महिन्यांनी हसत होता. मिलीने पळी खाली ठेवली. वाटलं, बोलू नये. मग वाटलं, आज नाही बोललं तर तो फोन करून मोकळा होईल.

“लेनी, ते फोन आम्ही केले होते.”

“कुठले?”

“दुकानांना. मागणीचे. तेता झोफी, पावला, मी. साखळी लावली होती तुझ्यासाठी. आम्ही नुसतं विचारायचो. घेत नव्हतो, कारण तळघरात घेतल्याच होत्या सगळ्यांनी. म्हणून खोकी आली आणि म्हणून परत गेली. माझ्यामुळे झालं ते.”

लेनी मोठ्याने हसला. “तेता झोफी? तेता झोफीने क्लीव्हलंड पेटवलं?”

“हसू नकोस.”

“आई, मेंटॉरहून मागण्या होत्या. ॲक्रनहून होत्या!”

“ॲक्रनला पावलाची भाची असते.”

यावर तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. त्याने उठून तिच्या केसांवर ओठ टेकले. “तुझं असंच असतं. शेजाऱ्याचा कुत्रा आजारी पडला तरी तुला वाटतं तू काहीतरी खायला घातलंस. असं होत नसतं, आई. इतक्या मोठ्या कंपनीचं गणित तुमच्या फोननं चुकत नसतं.”

“आई खरं सांगतेय,” अल्बिन सुपाकडे बघत म्हणाला.

“बाबा, तुम्ही पण?”

मिली उठली, भिंतीवरच्या फोनशी गेली, तेताचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर लेनीच्या हातात दिला. “विचार तिलाच.”

“तेता, मी लेनी. हो, जेवतोय. हो, केस कापीन. तेता, खरं सांगा, उन्हाळ्यात माझ्या रेकॉर्डसाठी दुकानांना फोन तुम्ही लोकांनी केले?”

मिली त्याच्या तोंडाकडे बघत होती. पलीकडून काय येतंय ते तिला ऐकू येत नव्हतं, पण तेताचा आवाज खणखणीत, शेवटचं वाक्य तिच्यापर्यंतही पोचलं. “मी? या वयात मला रेकॉर्डचं काय करायचंय रे बाळा? लोकांना आवडली म्हणून विचारली लोकांनी.”

लेनीने हसत रिसीव्हर मिलीला दिला.

“तेता!” मिली म्हणाली.

“पोराचं मन मोडू नकोस, मिली,” तेता हळू आवाजात म्हणाली. “एवढं तरी राहू दे त्याला. फार गुणी आहे गं. मी रोज त्याचं नाव घेते.” आणि तिने फोन ठेवला. तेताचा राग धरावा असं मिलीला वाटलं, पण तो धरता येईना. तिने स्वतः तरी काय वेगळं केलं होतं?

लेनीने तिथेच उभं राहून सॅक्रामेंटोचा नंबर लावला. वायर ताणून तो खिडकीपाशी गेला, बाहेर बघत बोलू लागला. फार अदबीने बोलत होता, अल्बिनने शिकवलं होतं तसं. विचारल्याबद्दल आभारी आहे, म्हणाला. तुमचं गाणं मी ऐकलंय, फार चांगलं आहे, म्हणाला. पण माझी माणसं इथे वाट बघतायत.

मिली वायरीच्या अलीकडे खुर्चीत बसली होती. सवयीने तिने मनात ‘नमो मरिया’ सुरू केली. प्रार्थना शेवटपर्यंत म्हणाली, आणि नेहमीसारखं त्यानंतर काय मागायचं तिथे येऊन थांबली. रेकॉर्ड व्हावी म्हणून मागावं की होऊ नये म्हणून? त्याला खरं कळावं म्हणून की कधीच कळू नये म्हणून? तिला मागायची भीती वाटली. तिने काही मागितलं नाही. पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना म्हणायला लागली, नुसतीच, आणि लेनी फोन ठेवून टेबलाशी येईपर्यंत म्हणत राहिली.